दोन खुर्च्यांचं यंत्र

जपानला जाऊन आलेली माणसं मला पुष्कळ भेटतात. ती बुलेट ट्रेनचं बोलतात, स्वच्छतेचं बोलतात, मग आपल्याकडच्या रस्त्यांवर येतात आणि शेवटी सुस्कारा सोडून चहा मागतात. मी जपानी भाषा शिकवतो, तरी मला या विषयावर तोंड उघडायची संधी मिळत नाही. म्हणून आता मी बोलणार आहे. माझा जपान बीड जिल्ह्यात आला होता, आणि मी त्याच्या पिशव्या धरून अंबाजोगाई, शिरूर कासार आणि कडा असा हिंडून आलो आहे. तुमच्यापैकी कुणी क्योटो पाहिलं असेल, तर अभिनंदन. जपानी विज्ञान-कादंबरीकार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कोंबड्यांच्या डालीशेजारी बसलेली मात्र तुम्ही पाहिलेली नाही.

मिचिरु ओकात्सु हे नाव तुम्ही ऐकलेलं नसेल. वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्या दोन कादंबऱ्या मी मराठीत आणल्या. किती प्रती खपल्या हे प्रकाशकाने एकदा मला सांगितलं आणि आम्ही दोघं बराच वेळ पंख्याकडे बघत बसलो.

खरं तर मिचिरु ओकात्सु नावाचं माणूसच नाही. नवरा-बायको मिळून लिहायचे, त्या दोघांचं हे एक नाव. कोजी लिफ्ट दुरुस्त करायचे. सातोए एका शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांच्या जेवणाचं पाहायच्या. संध्याकाळी कोजी एखादं यंत्र कल्पनेनं रचून कागदावर काढायचे आणि जेवणाच्या टेबलावर भाताच्या वाडग्याखाली ठेवून द्यायचे. सातोए त्या यंत्राभोवती माणसं उभी करायच्या. पहिली कादंबरी ‘उंच घर’. तिच्यातली इमारत इतकी उंच, की प्रत्येक मजल्याची भाषा वेगळी झालेली आणि सगळ्यांचं बोलणं कळणारा एकटा लिफ्टवाला. मग ‘ताटात उरलेलं’. शाळेतलं एक स्वयंपाकी यंत्र अन्न टाकून द्यायला नकार देतं आणि सरकार हादरतं. मग ‘समुद्र परत करा’. एका गावाचा समुद्र निघून जातो आणि गावकरी तो परत मिळवायला कचेऱ्यांमधून खेटे घालतात. ही वाचून मी देवरूखच्या माझ्या घरी एकटा बसून हसलो होतो.

आणि चौथी, ‘उलटा हंगाम’, भाग पहिला. एका उपग्रहावरचं गाव. हंगाम आला की धडधाकट माणसं कापणीला पलीकडच्या उजेडात जातात. कापणीचं यंत्र दोन खुर्च्यांचं. दोन्हीवर माणूस बसल्याशिवाय ते सुरूच होत नाही, आणि नियम असा की बसायचं नवरा-बायकोनेच. तांडा निघतो. जिचा नवरा वारला आहे अशी एक बाई मागे राहते. फाटकावरची पहारेकरीण तिला अडवते. शेवटच्या पानावर ती बाई बंद यंत्रापाशी उभी आहे. भाग पहिला समाप्त.

तो छापून आला आणि कोजी गेले. त्यानंतर सातोए-सान यांनी एक ओळ लिहिली नाही.

आता माझा खोडसाळपणा ऐका. मी त्यांना कळवलं, की तुम्ही लिहिलेलं गाव आमच्या राज्यात आहे. बीड जिल्ह्यातून दरसाल गावंच्या गावं ऊस तोडायला बाहेर पडतात आणि तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक मजूर धरतात. त्या जोडीलाच म्हणतात ‘कोयता’. त्यांचं उत्तर आलं, “मी येते.”

माझा डाव सरळ होता. त्या येतील, पाहतील, पेटतील, दुसरा भाग लिहितील आणि मी तो मराठीत आणीन. पण पुण्याहून निघताना गाडीत त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, “परत गेल्यावर मी संपादकांना कळवणार आहे, दुसरा भाग येणार नाही. तेवढ्यासाठी मन तयार करायला आले आहे. गाव एकदा पाहते आणि त्याचा निरोप घेते.”

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर काहीही पाहण्यासारखं नव्हतं.

अंबाजोगाई

अंबाजोगाई हे शिकलेल्यांचं जुनं गाव. इथे रिक्षावालाही तुम्हाला आधी ‘कोणत्या कॉलेजला?’ असं विचारतो, मग ‘कोणत्या पेशंटला?’ आम्ही पहिल्या गटातले. तिथल्या एका कॉलेजात सातोए-सान यांचं भाषण ठेवलेलं होतं.

आमच्या कोकणात पाहुण्याचा सत्कार म्हणजे कोकम सरबत आणि ‘परतीची गाडी कितीची?’ ही चौकशी. मराठवाड्यात सत्कार हा सोहळा असतो आणि तो जोडीनं करायची पद्धत आहे. स्टेजवर शेजारी शेजारी दोन खुर्च्या मांडलेल्या. एकीवर बाई बसल्या. दुसरी रिकामी दिसताच एका उत्साही प्राध्यापकांनी माझा दंड धरला, मला बसवलं आणि माझ्या डोक्याला फेटा गुंडाळायला सुरुवात केली. सातोए-सानना नारळ आणि खण. निवेदिका म्हणाली, “उभयतांचं स्वागत!” टाळ्या. मी फेट्याच्या आतून ओरडत होतो, “मी भाषांतरकार! मी भाषांतरकार!” पण फेट्याचा शेमला तोंडावर आलेला, त्यामुळे लोकांना वाटलं मी आभार मानतोय.

भाषण सुरेख झालं. एका मुलीने विचारलं, दोघांनी मिळून लिहिताना भांडणं व्हायची नाहीत का?

“रोज,” सातोए-सान म्हणाल्या. “तो यंत्र बनवायचा, मी ते बिघडवायची. मग तो ते दुरुस्त करायचा. एवढंच आमचं तंत्र.”

सभागृह हसलं, त्याही तोंडावर हात ठेवून हसल्या. तेवढ्यात मागून एक आवाज आला. खणखणीत, बाजारात कमावलेला.

“ते सगळं ठीक हाय मॅडम. भाग दोन कावून न्हाई आला?”

उभे होते शिवलिंगअप्पा. कपाळावर भस्माचे पट्टे, खांद्यावर उपरणं, हातात माझंच भाषांतर, पानं पार दुमडलेली. मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, त्यांचं भांड्यांचं दुकान. कुकर, शेगड्या, पिठाच्या गिरण्या विकतात आणि दुरुस्तही करतात. “ती बाई मशिनीपाशी उभी हाय,” अप्पा सभेला सांगू लागले, “थंडीत उभी हाय! मी दुकानात बसून रोज तिची फिकीर करतो. एवढी तकलीफ वाचकाला द्यायची म्हंजी हद झाली!”

मी भाषांतर केलं. सातोए-सान यांनी अप्पांच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं.

“मला यंत्र बिघडवता येतं,” त्या म्हणाल्या. “सुरू करता येत नाही. सुरू करणारा तो होता. मला माफ करा.” आणि त्यांनी अप्पांना कमरेतून वाकून नमस्कार केला.

अप्पांचं सगळं अवसान गळालं. ते म्हणाले, “तसं न्हाई ओ मॅडम... आता जेवायलाच चला.”

अप्पांच्या घरी धपाटे, दही, ठेचा आणि येसर आमटी. येसर म्हणजे भाजून दळलेल्या धान्याची आणि मसाल्याची गडद पूड. आमटीत पडली की गल्लीच्या तोंडापर्यंत वास जातो. इथे दोन देशांची टक्कर झाली. जपानात ताट स्वच्छ करणं ही सभ्यता. मराठवाड्यात रिकामं ताट म्हणजे पाहुणा उपाशी आहे. सातोए-सान धपाटा संपवायच्या, अप्पांची बायको, अक्का, दुसरा टाकायच्या. त्या तोही संपवायच्या. अक्कांचा चेहरा उजळायचा. माझ्याकडे वळून सातोए-सान हळूच म्हणाल्या, “हे कसं थांबवतात?” मी म्हणालो, “ताटात थोडं टाका.” ज्या बाईने अन्न न टाकणाऱ्या यंत्रावर कादंबरी लिहिली, तिला मी हा सल्ला दिला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच एक धपाटा जास्त खाल्ला.

जेवण होताच अप्पांनी जाहीर केलं, “उद्या शिरूरकडं मीच नेतो. ऊसतोडीच्या टोळ्यांना भांडी देतो मी, लोक वळखीचे हायेत.” माझी संमती कुणी विचारली नाही.

शिरूर कासार

बालाघाटाचे डोंगर दुरून हत्तींसारखे दिसतात आणि जवळ गेलं की दगडांसारखे. नद्यांची पात्रं रुंद आहेत, पाणी सोडून सगळं त्यांत आहे. रस्त्याकडेला बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या. सातोए-सान यांना बिया कशा थुंकायच्या हे अप्पांनी प्रात्यक्षिकासह शिकवलं. गाडीची काच वर असताना. काच पुसत आम्ही शिरूरच्या अलीकडच्या एका वाडीत पोचलो.

गाव निघायच्या बेतात होतं. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली उभी. तिच्यात पिठाचे डबे, ताडपत्र्या, चूल, एक सोलरचा दिवा, कोंबड्यांची डाल, आणि सगळ्यांच्या वर गंभीर चेहऱ्याची एक शेळी. म्हातारी माणसं ओट्यांवर बसून सूचना करत होती, ज्या कुणीही ऐकत नव्हतं. टोळीचा मुकादम, म्हणजे मजूर गोळा करून कारखान्यावर नेणारा म्होरक्या, खाली उभा राहून ओरडत होता. “आरं दोरी आवळ बे! शेळी काय तुझी सासू हाय का, वर बसवली ती?”

सातोए-सान एका बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. जोड्या येत होत्या. नवरा आणि बायको, नवरा आणि बायको. त्यांचा चेहरा मिटत चालला. मला जाणवलं, की मी त्यांना दुसरा भाग लिहायला आणलं नव्हतं. त्यांनीच लिहून ठेवलेल्या शेवटच्या पानावर आणून उभं केलं होतं.

तेवढ्यात ट्रॉलीच्या पलीकडून भांडण ऐकू आलं.

“ए शेवंते, तुझा गठुडा माझ्या गठुड्यावर कावून ठिवला? माझं पीठ दबतंय!”

“पीठच हाय न्हवं वैनी, त्याला काय हाडं हायेत मोडायला?”

दोन बायका. मोठी गयाबाई, तिच्यापेक्षा लहान तिची नणंद शेवंता. दोघींच्या हातात कोयते. सातोए-सान यांनी मला विचारलं, “यांचे नवरे कुठे आहेत?”

मी विचारलं. गयाबाई म्हणाली, “माझा वारला. हिचाबी वारला. म्हनून तर आमची जोडी लावली ना मुकादमानं! एकटं माणूस म्हंजी अर्धा कोयता. दोन अर्धे मिळून एक पुरा.”

“मग काय करू?” मुकादम तिकडून ओरडला. “दोन अर्धे कोयते घरी ठिऊन लोणचं घालू का?”

“हिचं न् माझं एक दिस पटत न्हाई,” गयाबाई म्हणाली.

“एक घडी म्हन, वैनी,” शेवंता म्हणाली. “दिस लई झाला.”

“मग एकत्र काम कसं करता?” हा प्रश्न माझा.

“कामाला पटायची काय गरज?” गयाबाई माझ्याकडे बघून म्हणाली. “ती तोडती, मी मोळी बांधती. ती दमली की मी तोडती. भांडायला तोंड मोकळंच राहतंय की.”

मग तिने सातोए-सानकडे मान वळवली. “ह्या मावशी कोन? चिनी का?”

अप्पांनी मोठ्या अभिमानाने ओळख करून दिली. जपानच्या कादंबरीकार. नवरा-बायको मिळून लिहायचे. साहेब वारले. पुढचं पुस्तक अडलंय.

“अस्सं,” गयाबाई म्हणाली. “म्हंजी ह्याबी अर्धा कोयता.”

“त्या काय म्हणाल्या?” सातोए-सान.

मी आयुष्यात प्रथमच भाषांतर करायला कचरलो. “त्या म्हणतात... तुम्ही दमला असाल.”

“सर!” अप्पा कडाडले. त्यांना जपानीचं अक्षर कळत नाही, पण ते व्यापारी आहेत. “तुमी कायतरी वेगळंच सांगितलं. त्यांचं तोंड बघा की, त्यांना पटलंच न्हाई!”

पकडला गेलो. मग मी नीट सांगितलं. शब्दाला शब्द. अर्धा कोयता.

सातोए-सान हसल्या. अंबाजोगाईत स्टेजवर हसल्या होत्या तसं नव्हे. तोंडावर हात न ठेवता. “बरोबर,” त्या म्हणाल्या. “अगदी बरोबर.” आणि त्या ट्रॉलीच्या काठावर चढून बसल्या. डालीशेजारी.

मग त्यांनी ‘उलटा हंगाम’ सांगायला घेतली. मी भाषांतर करत होतो आणि गडी, बायका हातातलं काम न सोडता ऐकत होत्या. उजेडाकडे जाणारा तांडा सांगितला, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. उपग्रहाबद्दल एकाने फक्त ‘तिकडं पाणी हाय का?’ एवढं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर ‘मग हितल्यासारखंच’ म्हणाला. गोष्ट त्या बाईवर आली. नवरा गेलेला, फाटकावरच्या पहारेकरणीने अडवलेली, यंत्रापाशी उभी.

शेवंताने दोरीला गाठ मारता मारता विचारलं, “मशिनीला नवरा लागतो का माणूस लागतो?”

मी भाषांतर केलं.

“दोन खुर्च्यांवर वजन पडलं पाहिजे,” सातोए-सान सावकाश म्हणाल्या.

“मग बसव की कुनाला तरी शेजारी.”

“गावात कुणी उरलेलं नाही. म्हातारी माणसं आणि ती पहारेकरीण.”

“तिलाच बसव!” गयाबाई म्हणाली.

“काय?” अप्पा उसळले. “त्या पहारेकरणीला? तिनं हाकललं हिला! लई दुष्ट बाई हाय ती, मी दोनदा वाचलंय. बिलकुल न्हाई बसणार!”

“अप्पा, तुमी भांडी विका,” गयाबाई म्हणाली. “मी ह्या शेवंतीच्या शेजारी चार महिने बसते. दुष्टपणाचं मला सांगू नका.”

“वैनी, तू काय कमी हायेस?”

टोळी हसत सुटली. मी या सगळ्याचं भाषांतर करायच्या प्रयत्नात घामाघूम झालो होतो. पाहतो तर सातोए-सान ऐकतच नव्हत्या. त्या स्वतःच्या तळहाताकडे बघत होत्या, आणि बोटाने त्यावर दोन गोल काढत होत्या.

“कोजीनं फक्त दोन खुर्च्या काढल्या होत्या,” त्या मला म्हणाल्या. “मला ते चित्र आठवतंय. दोन गोल, खाली एक दांडा. कुणी बसायचं ते त्यानं लिहिलं नव्हतं. नवरा-बायकोचा नियम मी घातला. मी ते यंत्र बिघडवलं होतं, नेहमीसारखं. दुरुस्त करायला तो उरला नाही, म्हणून मला वाटत राहिलं, की यंत्र त्यानंच बंद करून ठेवलंय.”

शेळीने त्यांचा स्कार्फ चघळायला घेतला होता, तो मी सोडवला. काहीतरी केल्यासारखं वाटलं.

कडा

दुसऱ्या दिवशी टोळी निघाली, आणि पुण्याच्या वाटेवर आम्ही तिच्या मागोमाग. अप्पांना अंबाजोगाईला परतायचं होतं, पण ते परतले नाहीत. “पहारेकरणीचा विषय अजून मिटला न्हाई,” ते म्हणाले. वाटभर तो मिटला नाही.

कडा मोठं गाव. साखर कारखाना आहे, त्यामुळे हंगामात रस्त्यावर उसाच्या गाड्या आणि हवेत मळीचा वास. आमच्याकडे हवेत मासळीचा वास असतो आणि बाहेरचे लोक नाक मुरडतात. इथे मी नाक मुरडलं आणि चहावाल्याने मला वाळीत टाकल्यासारखा उशिरा चहा दिला. न्याय झाला.

टोळी इथे चहाला थांबली. निघताना गयाबाईने ट्रॉलीतून हात केला. “मावशे! त्या दोघींना जास्त भांडू देऊ नका. मशीन उलटायची!” शेवंता काहीतरी म्हणाली, त्यावर गयाबाई काहीतरी म्हणाली, आणि ट्रॅक्टर वळणावर दिसेनासा होईपर्यंत त्यांचं चालू होतं.

सातोए-सान यांनी फोन काढला. तोक्योला संपादकांना लावला. मी कपाच्या कडेवरून कान दिले. हीच ती बातमी, जिच्यासाठी त्या मन तयार करायला आल्या होत्या.

“हो, मी भारतातून बोलतेय. दुसऱ्या भागाबद्दल.” थांबल्या. “नाही. लिहिते आहे.” पलीकडून इतका आवाज आला, की त्यांनी फोन कानापासून लांब धरला. “पण एक अडचण आहे,” त्या म्हणाल्या. “दोघी खुर्च्यांवर बसल्या आहेत आणि यंत्र फार दिवस थंडीत उभं आहे. ते सुरू कसं होतं, हे मला माहीत नाही. कुणीतरी शोधते.”

फोन ठेवून त्यांनी बाकावर नजर फिरवली. माझ्यावरून ती पुढे गेली. मला क्षणभर वाईट वाटलं, हे कबूल करतो. मी जपानी जाणतो, साहित्य जाणतो, फेटाही घालून झालाय. पण मला सायकलची चेन बसवता येत नाही आणि हे माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असावं.

“अप्पांना विचारा,” त्या म्हणाल्या, “बरेच दिवस पडून असलेली पिठाची गिरणी ते कशी सुरू करतात.”

मी विचारलं. अप्पांनी चहा खाली ठेवला, उपरणं मागे टाकलं. “आधी मला पहारेकरीण मान्य न्हाई, हे सांगा,” ते म्हणाले. “दुसरं म्हंजी, गिरणी बटन दाबून सुरू होत न्हाई. पट्टा वाळलेला असतोय. हातानं चाक फिरवावं लागतं, आन् ते एकट्याचं काम न्हाई. एकानं इकडून ओढायचं, एकानं तिकडून. सारख्या दमात.”

मी सांगितलं. सातोए-सान यांनी पेन काढलं. भज्यांच्या कागदाची कोरडी बाजू शोधून दोन गोल काढले आणि पेन अप्पांपुढे धरलं.

अप्पांनी चाक काढलं. सातोए-सान यांनी ते खोडलं आणि दुसरीकडे नेलं. मी भाषांतर केलं, की तिथे पहारेकरणीचा हात पोचेल. अप्पा म्हणाले, पोचू द्यायचाच न्हाई. त्या म्हणाल्या, पोचलाच पाहिजे. मी एकाचं संपवतोय तोवर दुसऱ्याचं सुरू. अप्पांनी दांडा काढला, बाईंनी मोडला, अप्पांनी त्याला खिळा मारला. मी मध्ये “एक मिनिट, एक मिनिट” म्हणत राहिलो आणि मग माझ्या ध्यानात आलं, की माझ्यासाठी कुणी थांबत नाही. अप्पा मराठीत ओरडत होते, सातोए-सान जपानीत, दोघांची बोटं एकाच दांड्यावर, आणि कोण काय म्हणतंय ते दोघांनाही व्यवस्थित कळत होतं.

मी माझा कप उचलला आणि शेजारच्या बाकावर जाऊन बसलो.